इरुरेताचं कुलूप

फोल्डरमध्ये सात फाइली होत्या. चार सी भाषेतल्या, दोन सूचनांच्या, एक रिकामी. कुलुपाची फाइल ३६९ ओळींची होती, नोएलियाची मूळ फाइल ३८८ ओळींची. दोन्ही शेजारी ठेवून तिने फरक काढला. ३५१ ओळी जशाच्या तशा तिच्या होत्या, ३७ गायब होत्या आणि १८ नव्या. फोल्डरमधल्या फाइलीत सर्वांत वर लेखकाचे नाव होते: गोन्सालो इरुरेता.

"चलांची नावंसुद्धा बदलली नाहीत रे त्याने," नोएलिया म्हणाली. "हे बघ, 'थर्मास'. प्रोग्रॅममध्ये चलाला थर्मास म्हणणारी बाई माँतेविदेओत दुसरी आहे का?"

"पुरुषही नसेल," मी म्हणालो.

आम्ही दोघे तिसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत बसायचो. आमच्या गटाकडे यी नदीवरची आणि तिच्या ओढ्यांवरची चौदा जलमापन स्टेशने होती. काही स्टेशने पाण्याची उंची रेडिओवरून कळवायची, काही मोबाइलवरून. रेडिओचा एक प्रोग्रॅम, मोबाइलचा दुसरा, आणि दोघेही एकाच फाइलमध्ये लिहिणार. फाइल कुठे संपते ते आधी बघायचे आणि तिथे पुढची नोंद टाकायची. दोघांनी एकाच क्षणी बघितले तर दोघे एकाच जागी लिहितात आणि आधीची नोंद नंतरच्या नोंदीखाली गाडली जाते. म्हणून लिहिण्याआधी कर्नलकडे, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांच्या खाली बसलेल्या त्या मूळ कारभाऱ्याकडे, कुलूप मागायचे. ते मिळाले की लिहायचे आणि मग सोडून द्यायचे. हे काम निर्धोक करणारा भाग, ज्याला आम्ही नुसते 'कुलूप' म्हणायचो, नोएलिया तेचेराने दोन वर्षे खपून लिहिला होता. पदवीनंतरचे तिचे सगळे काम तेवढेच होते.

इरुरेता आमच्या गटाचा संगणकप्रमुख. पंचेचाळिशीचा, बोलायला गोड. एप्रिलमध्ये त्याने त्या कुलपावर शोधनिबंध छापला. त्यावर त्याचे एकट्याचे नाव होते. नोएलियाने त्याला जेवणघरात, भर गर्दीत गाठले.

"गोन्सालो, माझं नाव कुठंय?"

"कशावर?"

"कुलपावर."

त्याने तळलेल्या मांसाच्या मिलानेसाचा घास संपवला, तोंड पुसले आणि आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे बघ पोरी, कल्पना माझी होती. तू टाइप केलंस. छान टाइप करतेस, त्यात वादच नाही."

तीन टेबलांवर हशा पिकला. नोएलिया हसली नाही आणि रडलीही नाही. तिने आपली ताटली उचलली, धुवायच्या खिडकीत ठेवली आणि वर येऊन कामाला बसली. तो निबंध साधासुधा नव्हता. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठात कायम जागेची खुली परीक्षा होती. एकच जागा होती आणि अर्ज दोघांचेच, तिचा आणि त्याचा. तिच्याजवळ दाखवण्यासारखे एवढे एकच काम होते आणि आता तेही त्याच्या नावावर होते. ही जागा गेली तर डिसेंबरात तिची शिष्यवृत्ती संपणार होती आणि तिला साल्तोला आईवडिलांकडे परत जावे लागणार होते.

म्हणूनच जूनमध्ये त्या दोन फाइली तिने शेजारी ठेवल्या होत्या.

गायब झालेल्या ३७ ओळी माणसांसाठी लिहिलेली टिप्पणी होती. यंत्र ती वाचत नाही. पहिल्या चार ओळींत तिचे नाव आणि वर्ष होते. इरुरेताला तेवढ्याच काढायच्या असणार, पण तुकडा अखंड होता आणि त्याने तो सगळा उडवला. उरलेल्या तेहतीस ओळींत एक इशारा होता.

"आता या अठरा बघ," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

नावाची ओळ सोडली तर नव्या ओळी सावधगिरीच्या होत्या. कुलूप मिळाल्यावर, लिहिण्याआधी, इरुरेताचा प्रोग्रॅम तीच फाइल पुन्हा एकदा उघडायचा, मथळा नीट आहे ना ते पाहायचा आणि बंद करायचा. वाचताना मला त्यात काही वावगे दिसले नाही. मी तसे म्हणालोही.

"कोणालाच दिसणार नाही. मला सापडायला तीन महिने लागले होते." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "कर्नलचा एक जुना नियम आहे. एखाद्या प्रोग्रॅमने एक फाइल दोनदा उघडली, म्हणजे दोन दारं झाली, आणि त्यातलं कुठलंही एक बंद केलं, की कर्नल त्या फाइलवरची त्या प्रोग्रॅमची सगळी कुलुपं काढतो. कुठल्या दारावर लावलं होतं ते बघतच नाही. काही बोलतही नाही. चूक झाल्याचा निरोप नाही, काही नाही."

"म्हणजे हा मथळा तपासून फाइल बंद करतो..."

"तिथंच कुलूप गेलं. आणि मग हा शहाणा आपल्याकडे कुलूप आहे असं समजून लिहितो. 'ही फाइल दुसऱ्यांदा उघडू नका', असं मी तेहतीस ओळी घसा फोडून सांगितलं होतं. माझं नाव पुसायच्या नादात त्याने तेच पुसलं."

ती हसायला लागली. जेवणघरातल्या त्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिले.

"मग जा, सांग त्याला. तोंडावर मार."

"सांगू? म्हणजे दुपारपर्यंत दुरुस्त करेल आणि संध्याकाळी म्हणेल, 'मीच शोधलं.' नाही ब्राउलियो. मला टायपिस्ट म्हणाला ते चारचौघांत. माझं उत्तरही चारचौघांतच."

"नोंदी जातील त्याचं काय?"

"पंधरा मिनिटांतून एकदा स्टेशनं बोलतात, तीही आळीपाळीने. दोघांची टक्कर व्हायची कधीतरी एखादी. ऑक्टोबरपर्यंत जाईना का एखादी."

त्या दिवसापासून नोएलिया इरुरेताशी गोड वागायला लागली. सकाळी आमच्या खोलीत माते, आमचा कडवट पानांचा चहा, फिरायचा. तुंब्यात गरम पाणी ओतून एकेकाच्या हातात द्यायचे काम तिने स्वतःकडे घेतले आणि इरुरेता दारातून डोकावला तर पहिला तुंबा त्याला. आमच्याकडे 'आभारी आहे' म्हटले की आता पुरे असा अर्थ होतो. तो ते म्हणेपर्यंत ती ओतत राहायची.

"राग गेला वाटतं पोरीचा," तो मला डोळा मारत म्हणाला.

"मनात काही ठेवत नाही ती," मी म्हणालो.

त्याने ते कुलूप आणखी दोन गटांना वापरायला दिले, तर तिने अभिनंदन केले. परीक्षेसाठी कुठले काम पुढे ठेवावे याचा तो विचार करत होता, तेव्हा तीच म्हणाली, "कुलूपच ठेव ना गोन्सालो. बाकी कामं काय, सगळेच करतात." ऑगस्टमध्ये शेजारच्या गटातल्या मुलीने तक्रार आणली की दोन नोंदी पाठवल्या आणि एकच सापडते. इरुरेताने नोएलियाला विचारले.

"अँटेना बघ," नोएलिया त्या मुलीला म्हणाली. "डोंगराआड असेल."

ती मुलगी अँटेना बघायला गेली. नोएलियाने दारापर्यंत तिच्याकडे पाहिले आणि परत पडद्याकडे वळली. मांजर भिंतीतल्या भोकासमोर बसते तशी ती जूनपासून बसली होती.

सप्टेंबरच्या शेवटी यी नदीला पूर आला. पाणी ठरावीक उंचीच्या वर गेले की स्टेशने आपोआप दर मिनिटाला बोलू लागतात. सगळ्यांची घड्याळे जुळवलेली, त्यामुळे मिनिट सुरू होताच चौदाही एकदम बोलतात. हे मला आठवले आणि मी जागेवरून उठलो.

"नोएलिया, आता तरी सांग."

"परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे."

"सगळी एकदम लिहितायत! आता एखादी नाही जाणार."

"स्टेशनांच्या मेमरी कार्डांवर प्रत असते. काही कायमचं हरवत नाही."

"कार्ड महिन्याने येतं. पाणी किती चढेल ते आज सांगायचं असतं."

"नदीकाठच्या दुराझ्नोची माणसं पुलाच्या खांबावरची खूण बघून घरं सोडतात, ब्राउलियो. आपली फाइल बघून नाही." मग ती सावकाश म्हणाली, "तुला सांगायचं असेल तर जा, सांग. मी अडवणार नाही. पण मग ती जागा त्याला तूच दिलीस, एवढं लक्षात ठेव."

मी गेलो नाही. तीन दिवसांनी पाणी ओसरले. दुराझ्नोत नेहमीसारखी सखल भागातली घरे रिकामी झाली आणि नेहमीसारखी माणसे परतली.

परीक्षेचे तोंडी सत्र कोणालाही बसून ऐकता येते. त्या गुरुवारी दालन भरले होते, कारण जेवणघरातली ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तीन परीक्षक होते, अध्यक्ष प्रोफेसर एल्बिया काराम्बुला. क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या. पहिला इरुरेता निघाला. नोएलियाने डोळे मिटून एक श्वास सोडला. तिला हेच हवे होते.

इरुरेता सुरेख बोलला. शेवटी म्हणाला, "हे कुलूप तीन गटांत चालू आहे. परवाच्या पुरातही एका क्षणासाठी बंद पडलं नाही." टाळ्या झाल्या. नोएलियानेही वाजवल्या.

मग ती उठली.

"माझा विषय तोच आहे, कुलूप," ती म्हणाली. "उदाहरण म्हणून मी सेन्योर इरुरेतांचाच प्रोग्रॅम घेते. तो कर्नलशी काय काय बोलतो, ते ओळीओळीने पडद्यावर दिसेल." तिने नदीच्या फाइलच्या एका प्रतीवर तो प्रोग्रॅम चालवला. ओळी उमटल्या. फाइल उघडली. कुलूप मागितले, मिळाले. फाइल पुन्हा उघडली. मथळा वाचला. बंद केली. इथे तिने प्रोग्रॅम थांबवला.

"सेन्योर इरुरेता, या क्षणी कुलूप कोणाकडे आहे?"

आमच्यात सगळे एकमेकांना 'तू'च म्हणतात. तिने त्याला 'सेन्योर' म्हटले तेव्हाच मागच्या रांगा सरळ होऊन बसल्या होत्या.

"माझ्या प्रोग्रॅमकडे. दिसतंय की समोर."

तिने शेजारच्या चौकटीत दुसरा प्रोग्रॅम सुरू केला. त्याने त्याच फाइलचे कुलूप मागितले. खरे तर त्याला थांबावे लागायला हवे होते. त्याला ते तत्काळ मिळाले.

दालनात कोणीतरी हळूच शीळ घातली.

"तुझ्या मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे," इरुरेता म्हणाला.

"असेल. मग तुमच्या मशीनवर करू. तुमचा लॅपटॉप उघडाच आहे. या ना, तुम्हीच टाइप करा. टायपिंग माझं काम, पण आजचा मान तुमचा."

त्याला यावे लागले. त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या यंत्रावर दोन्ही प्रोग्रॅम चालवले. दोघांनाही कुलूप मिळाले. त्याने पुन्हा चालवले. तिसऱ्यांदा चालवताना त्याची बोटे चुकली. पुढच्या रांगेतून कोणी म्हणाले, "सावकाश, गोन्सालो, सावकाश टाइप कर," आणि सगळे दालन हसले. त्याच्या मानेवर तांबडे डाग उठले होते.

मग तिने मूळ ३७ ओळी पडद्यावर लावल्या, वरच्या चार नावासकट. "ही सूचना दोन वर्षांपूर्वीची आहे," ती म्हणाली. "नाव पुसताना तीही पुसली गेली." इरुरेता आपल्या जागेपर्यंत गेला, पण बसला नाही. लॅपटॉप तिथेच टाकून दारातून बाहेर पडला.

नोएलियाने परीक्षकांकडे पाहिले. तिचे डोळे चमकत होते. तिची अपेक्षा होती की आता तिच्या कामाबद्दल विचारतील.

"उत्तम शोध आहे," प्रोफेसर काराम्बुला म्हणाल्या. "एकच प्रश्न. हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"जूनपासून."

"म्हणजे पूर आला तेव्हा?"

"माहीत होतं, प्रोफेसर."

"कोणाला सांगितलंत?"

नोएलियाने माझ्याकडे पाहिले नाही. "संबंधित कोणालाही नाही."

"का?"

"आज सांगायचं होतं म्हणून."

परीक्षक आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आतून आवाज येत होते आणि त्यात काराम्बुलांचा आवाज सर्वांत कमी होता. बाहेर आल्यावर त्यांनी उभ्यानेच निकाल वाचला. इरुरेताचा निबंध मागे घ्यावा अशी शिफारस. कुलपावर नोएलिया तेचेराचे नाव परत घालावे. जागा कोणालाही नाही, ती रिकामी जाहीर. आणि पुरात नेमके काय हरवले ते मोजून महिनाअखेर कळवावे, मोजणी तेचेरा यांनी करावी.

"गेला ना पण तो?" जिन्यात तिने मला विचारले. "सगळ्यांसमोर गेला ना?"

"गेला."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि खाली उतरत राहिली.

कार्डे आणायला ती स्वतः गेली, सगळ्या चौदा स्टेशनांवर, काही ठिकाणी गुडघाभर गाळातून. परत आल्यावर तिने प्रत्येक नोंद फाइलशी ताडून पाहिली. अहवाल एका पानाचा होता. खाली तिची सही, वर हे आकडे.

पुराच्या तीन दिवसांत स्टेशनांनी पाठवलेल्या नोंदी: ६०,४८०. फाइलमध्ये सापडलेल्या: ५७,२०२. दुराझ्नोच्या पुलाशी पाणी सर्वांत उंच होते त्या तासातल्या साठ नोंदींपैकी फाइलमध्ये: ४१.