शोकसभेतली झोप

मोठीआई गेल्या त्या दिवशीही संध्याकाळी साडेपाचला केंद्रावर दुधाची रांग लागली. म्हशींना कोण सांगणार, की आज राहू दे म्हणून? सुनेनं डोळे पुसले, हात धुतले आणि माप घेऊन ती उभी राहिली. त्याला आज तीन आठवडे होत आले होते, आणि ती अजून उभीच होती.

गावातलं दूध केंद्र मोठीआईंनी चाळीस वर्षं चालवलं, घराच्याच रस्त्याकडच्या खोलीत. अख्खं गाव त्यांना मोठीआई म्हणायचं. शेवटची चार वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून केंद्रही सुनेच्या गळ्यात आणि मोठीआईही. पहाटे चारला उठून आधी त्यांची चादर बदलायची, मग कॅन विसळायचे. नवरा भरलेले कॅन गाडीत घालून शहराकडे निघाला की दुपारीच उगवायचा.

आता येणारा-जाणारा म्हणायचा, "तुझं नशीब थोर बाई, देवमाणसाजवळ राहिलीस." सून "हो" म्हणायची. तिलाही जुन्या मोठीआई आठवायच्या होत्या. पण डोळे मिटले की समोर यायच्या त्या गोळ्या थुंकणाऱ्या, तिच्याकडे बोट दाखवून "ही बाई कोण? हिला बाहेर काढा" म्हणून ओरडणाऱ्या.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठरली. हेडमास्तर आदल्या दिवशीच सांगून गेले, "घरचं माणूस म्हणून तुम्ही दोन शब्द बोलायचे."

"मला नाही हो जमायचं."

"दोनच."

सभेत तिला पहिल्या रांगेत, हाताच्या खुर्चीत बसवलं. शेजारी नणंद बसली. ही मोठीआईंची थोरली मुलगी, दिवसकार्य आटोपून परत गेलेली, सकाळच्याच गाडीनं शहरातून पुन्हा आली होती. वर्षातून दोनदा यायची आणि दारातच म्हणायची, "आई किती वाळली गं!" ते वाक्य सुनेच्या मनात कुसळासारखं रुतून होतं.

दवाखान्यातल्या नर्सबाई बोलल्या. मग केंद्रावर दूध घालणारा पाणीदार उठला.

"तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, मी दुधात पाणी घालायचो," त्यानं सुरुवातच अशी केली. "मोठीआईंनी दूध तपासायची काचेची नळी दुधात सोडली, ती गपकन खाली गेली. रांगेसमोर एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बघून नुसतं म्हणाल्या, 'या, पाणीदार माणूस आले!' वीस वर्षं झाली, आता बायकोही मला त्याच नावानं हाक मारते."

हॉल हसला. पाणीदार हसला नाही. "आणि माझी म्हैस मेली, तेव्हा आपल्या गोठ्यातली पारडी माझ्या दारात आणून बांधणारी बाईही तीच," एवढं म्हणून तो मटकन खाली बसला.

सुनेनं ऐकलं ते इथपर्यंत. हेडमास्तरांनी घसा खाकरून "या निमित्तानं" म्हटलं आणि तिची मान कलली.

जाग आली तेव्हा हॉल रिकामा होता. तिचं डोकं नणंदेच्या खांद्यावर होतं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ताई! दूध!"

"बस खाली."

"अहो, रांग लागली असेल..."

"लागली होती. निम्मी संपलीसुद्धा. नर्सबाई माप घेतायत."

"आणि तपासतंय कोण?"

हसू लपवायला नणंदेनं तोंड दुसरीकडे फिरवलं. "पाणीदार. म्हणाला, पाण्यातलं जेवढं मला कळतं तेवढं गावात कुणाला कळत नाही. आल्या आल्या दोघांचं दूध परत पाठवलंन."

सुनेला हसू फुटलं. ते आवरेना, आणि हसता हसता कधी रडू आलं ते तिचं तिलाही कळलं नाही. नणंदेनं तिला पोटभर रडू दिलं.

"सगळ्यांसमोर झोपले मी?"

"घोरलीससुद्धा. हेडमास्तर म्हणाले, आता घरच्या माणसाचे दोन शब्द, आणि तुझ्याकडे बघून तसेच थांबले. मग कुणीच बोललं नाही. एकेक जण चपला हातात घेऊन गेला."

सून नाक पुसत राहिली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "ताई, एक सांगू? शेवटी शेवटी वाटायचं, आता सुटाव्यात. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

"तुझा फोन आला की माझ्या छातीत धस्स व्हायचं," नणंद म्हणाली. "वाटायचं, आता म्हणशील, घेऊन जा तुमच्या आईला. चार वर्षांत तू एकदाही म्हणाली नाहीस. आणि मीही एकदा विचारलं नाही."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"लग्नाला आठवडा झाला होता माझ्या," सून एकदम म्हणाली. "भरलेला कॅन उचलायला गेले आणि आडवा केला भर रस्त्यात. चाळीस लिटर! सगळी रांग बघतेय. मला वाटलं, आता माहेरी पाठवतात. मोठीआई बाहेर आल्या आणि रांगेला म्हणाल्या, 'सरका सरका, मांजरांना वाट द्या.' मग माझ्याशेजारी बसून फडक्यानं पुसायला लागल्या. पुन्हा कधी त्यावरून एक शब्द नाही."

"आईच ती," नणंद म्हणाली. "मी पंधरा दिवस राहतेय. सकाळचं केंद्र मी बघीन."

"तुम्हाला जमेल?"

"कॅन मात्र मी नाही उचलायची."

दोघी मागच्या बोळानं घरी आल्या. सुनेनं हातपाय धुतले आणि ती आडवी झाली. पुढच्या खोलीत कॅन आपटत होते, पाणीदार कुणावर तरी खेकसत होता. एरवी ती धावत गेली असती. तिनं कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.