चारशे साठ पूर्णांक एक

मर्ल गेला त्या हिवाळ्यात त्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन शेडमध्ये खोलून पडलं होतं. माणूसच गेला, इंजिनावर फडकं टाकायचं कुणाला सुचणार? बर्फ वितळलं, ओल धरली, आणि सहाही सिलिंडरना आतून गंज चढला. त्याच्या बायकोने, लव्हॉनने, मक्याची पेरणी उरकली, परसात वाटाणा लावला, आणि मगच शेडचं दार सरकवलं.

तिला एकच हवं होतं. जत्रेतल्या ट्रॅक्टर-ओढीत, वजनाची गाडी जास्तीत जास्त लांब ओढायच्या शर्यतीत, नवऱ्याच्या जागी, नवऱ्याच्याच गटात, त्याचं हे डिझेल इंजिन घेऊन उतरायचं. तो गट चारशे साठ घन इंचांपर्यंतच्या इंजिनांचा. त्याच्यावर गेलं की खुल्या गटात जा, तिथल्या तरण्याताठ्या राक्षसांत. मर्लच्या गटात सगळे त्याचे जुने सोबती, एकमेकांना शिव्या देत म्हातारे झालेले.

ऑरिन बेसलर त्यांतलाच. गावातलं मशीन शॉप त्याचं, आणि लव्हॉनबरोबर एकाच वर्गात शिकलेला. तिने इंजिन त्याच्याकडे नेलं.

“गंज निघून कोरी भिंत लागायला बोअर अर्धा सूत वाढवावा लागेल,” तो म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. “चार इंच दोन सूत आहे, तो अडीच सूत होईल. पिस्टनही त्याच मापाचे आलेत. हिशेब केलायस ना?”

“स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून केलाय. बोअरचा वर्ग, त्याला पॉइंट सात आठ पाच चारने गुणायचं, मग स्ट्रोकने, मग सहाने. चारशे एकोणपन्नास येतात. भरपूर जागा आहे.”

“आणि स्ट्रोक? पिस्टनची वरखालची धाव किती धरलीस?”

“पाच इंच एक सूत. मूळचा पाच. मर्लने क्रँकची पिन घासून एक सूत बाहेर सरकवली होती. मी नूडल्स वाढत होते तेव्हा स्वतः म्हणाला.”

क्रँक, पिस्टन वरखाली हलवणारा दांडा, ब्लॉकमध्ये बसवलेलाच होता. ऑरिनने जुना एक पिस्टन जोडला, वर गेज टेकवलं आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवला. पिस्टन तळाशी गेला, माथ्यावर आला. दोघंही वाकून बघत राहिली.

“पाच इंच दोन सूत,” तो म्हणाला.

“तुझं गेज म्हातारं झालंय.”

“मी झालोय, गेज नाही. अगं, पिन मध्यापासून एक सूत लांब गेली की पिस्टन वर एक सूत जास्त चढतो आणि खालीही एक सूत जास्त उतरतो. पिन एक सूत, तर स्ट्रोक दोन सूत. ह्यात आपल्याकडचे निम्मे लोक फसलेत, मीसुद्धा. तुझ्याच नवऱ्याने पकडलं होतं मला. जत्रेत इंजिनांची मापं घ्यायला तो बसायचा ना! अर्ध्या घन इंचासाठी सगळ्या जत्रेसमोर घरी पाठवलंन. पुढच्या जत्रेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.”

लव्हॉनने खडू घेतला आणि बाकावरच पुन्हा मांडलं. जुन्या बोअरला मर्लचा हिशेब चोख होता, चारशे सत्तेचाळीसच्याही आत. नव्या बोअरला आकडा आला चारशे साठ पूर्णांक एक.

“एक दशांश!” ऑरिन म्हणाला. “एवढी तर काजळी बसते. कोण बघतंय?”

“हे मर्लला सांगितलं असतंस?”

ऑरिनने मान खाजवली. मग फळीवरून दुसरा क्रँक उतरवला, साधा, मूळ मापाचा. “हा घाल. चारशे अडतीस. आमच्यात आरामात बसशील.”

लव्हॉनने मर्लच्या क्रँकवर हात ठेवला. ह्याच शॉपमध्ये, ह्याच ग्राइंडरवर त्याने तो घासला होता. जरासं घासायचं नि स्टुलावर टेकायचं, दम परतला की पुन्हा उठायचं. पिन अशी गुळगुळीत, की बोट ठेवलं तर बोट पुढे निघून जावं. त्यानंतर त्याच्या हातून काही काम झालं नाही.

“गटात तुम्हीच ना सगळे?”

“आम्हीच.”

“तुम्ही मला दुकानात भेटाल, चर्चमध्ये भेटाल. त्याच्या हातचं हे कुठे भेटायचं?”

ऑरिनने साधा क्रँक परत फळीवर ठेवला.

जत्रेत नाव नोंदवणारी मुलगी म्हणाली, “चारशे साठ लिहू ना?”

“पूर्णांक एक,” लव्हॉन म्हणाली. “खुला गट.”

खुल्या गटातले ट्रॅक्टर वजनाची गाडी ओढत गरजत जायचे, धुराने आभाळ झाकून टाकायचे. लव्हॉनचा ट्रॅक्टर गरजला नाही. त्याने खालच्या, भरदार सुरात ओझं उचललं आणि एकेक श्वास मोजून घेतल्यासारखा पुढे सरकत गेला. मागून ओझं चढत गेलं, पुढची चाकं उचलली, मग मागच्यांनी माती उकरली. थांबला तिथे तो सगळ्यांच्या मागे होता.

कठड्याला टेकून मर्लचे सगळे म्हातारे उभे होते.

“शेवटून पहिली!” एकजण ओरडला. “मर्लची परंपरा राखलीस गं!”

“तुमच्यात तरी तो कधी जिंकला?” ती तिथूनच ओरडली.

लाल निशाण खाली आलं. गाडीचा साखळदंड सुटला. ट्रॅक्टर तिथेच संथ धडधडत राहिला, आणि चाकावरच्या मडगार्डवर ठेवलेला तिचा तळवा त्याबरोबर थरथरत राहिला.

“लव्हॉन, काढ आता,” ऑरिन जवळ येऊन म्हणाला. “पुढचा खोळंबलाय.”

“खोळंबू दे जरासा,” ती म्हणाली.