अठराचा फळा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, त्याचं नशीब थोर. मी पबातला. माझ्यावर सुविचार कधी कुणी लिहिला नाही, लिहिला तो बिअरचा भाव.

सुताराने एका जुन्या दाराच्या फळीला काळा रंग फासला, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या, की झाला माझा जन्म. दगडखाणीच्या गावात मामांचा पब होता, तिथे गल्ल्यामागे मला टांगलं. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण सगळी खाण त्यांना मामा म्हणे आणि त्यांच्या बायकोला मामी. मामांनी खडू घेतला, जीभ दातांत धरली आणि लिहिलं, ‘पाइंट अठरा’, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास अठराला.

दर सोमवारी लॉरीवाला बिअरची पिंपं घेऊन यायचा. पिंपं उतरवायच्या आधी तो गावोगावचे भाव सांगायचा. बिअर तीच, कारखाना तोच, पण बंदरावर तीस आणि राजधानीत सत्तर! मामा ते सगळे भाव आपल्या भावाखाली लिहीत. खाणकामगार वाचून खूश.

“सत्तर? ग्लास घरी न्यायला देतात काय रे?”

“ग्लास कसला, खुर्चीसुद्धा देत असतील!”

मग सुरू व्हायचं वेड्यांचं गणित. इथे अठराला प्यालो म्हणजे बावन्न वाचले! “मामा, आणखी एक भरा, शंभराच्या वर वाचू द्या!” असं वाचवता वाचवता गडी रिकाम्या खिशाने घरी जायचे. दिवसभर दगड फोडणाऱ्यांची तेवढीच श्रीमंती, आणि ती माझ्या अंगावर लिहिलेली. मला फार गर्व होता, खोटं कशाला बोलू?

पुढे खाणीतला दगड सरत आला. आठवड्याला तीनच दिवस काम उरलं. पिंपाचा भाव मात्र वाढत चालला.

“अहो, आपल्यालाच पाइंट वीसला पडतोय,” मामी म्हणाली. “अठराला किती दिवस विकणार? वाढवा आता.”

मामांनी बरेच दिवस टाळलं. शेवटी एका सोमवारी ओलं फडकं घेऊन अठरा पुसले आणि चोवीस लिहिले.

संध्याकाळी माणसं आली. त्यांनी वर बघितलं. एकाला एकदम घरी मीठ न्यायचं आठवलं, दुसऱ्याच्या घरी पाहुणे यायचे होते. सगळ्यात म्हातारा कामगार माझ्याकडे नुसता बघत राहिला, मग “येतो मामा” म्हणून गेला. सात वाजताच दार लागलं. सकाळी मामांनी पुन्हा अठरा लिहिले. मामी आत जाऊन रडली.

दोन वर्षं तोटा खाऊन मामांनी तो भाव टिकवला. मग पब बंद पडला, मामांनी अंथरूण धरलं आणि त्यातून ते उठलेच नाहीत.

सामान विकायला काढलं तेव्हा राजधानीतल्या एकाने मला उचललं. सजावटीसाठी म्हणे! परगावचे भाव पुसून त्याने अठरा तेवढे ठेवले आणि वरून वॉर्निश मारलं. आता मी चकचकीत पबात लटकतोय. इथे पाइंट पंच्याऐंशीला. पोरंपोरी माझ्याखाली फोटो काढतात. “अठरा! काय मज्जा असेल ना तेव्हा!” मज्जा म्हणे!

परवा दुपारी मामी आली. तिची लेक याच शहरात नोकरीला आहे. कुठल्याशा फोटोत तिने बापाचं अक्षर ओळखलं होतं. दोघी माझ्यासमोर बसल्या. वेटर म्हणाला, काहीतरी मागवावं लागेल. मामीने एक पाइंट सांगितला आणि पर्समधून अठरा काढून टेबलावर ठेवले.

वेटर ओशाळला. “आजी, तो भाव शोभेचा आहे.”

“शोभेचा?” मामीचा आवाज चिरकला. “अरे बाळा, या भावापायी आमचं दुकान गेलं. माणूस गेला.”

लेकीने घाईघाईने उरलेले पैसे दिले. ग्लास तसाच राहिला. निघताना मामी माझ्याजवळ आली, अठरावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. खडू लागला नव्हता.

लोकहो, एवढं करा. एक दिवस तरी या भावाने कुणा दमलेल्या माणसाला पाइंट पाजा. नसेल जमत, तर वॉर्निश खरवडा आणि मला पुसून टाका. पण माझ्या मामांची अशी शोभा करू नका हो.