उजवा हात सोडायचा नाही

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस उभा जन्म सतराव्या मजल्यावर राहिला आणि पन्नाशीत त्याला जमिनीची हौस आली. म्हाताऱ्या आईला जरा अंगण मिळू दे, माती दिसू दे, म्हणून त्यानं भर शहरातला फ्लॅट विकला आणि पार कडेच्या वसाहतीत सुटं घर घेतलं. सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुठे कुणाला कळतं!

आईला दोन वर्षांपासून विसर पडत होता. टॉवरमध्ये त्याची धास्ती नव्हती. मधोमध लिफ्ट, तिच्याभोवती गोल पॅसेज, पॅसेजला आठ दारं. लिफ्टमध्ये एकटी पाऊल टाकायला म्हातारी घाबरायची, लेक लिफ्टवाला असून! लेकानं तिला शिकवलं होतं, "उजवा हात भिंतीवरून सोडायचा नाही. चालत राहायचं. गाठ हाताला लागली की घर आलं." दाराच्या कडीला लाल लोकरीची जाडजूड गाठ त्यानंच बांधली होती. म्हातारी दिवसातून चारदा फेरी मारायची, दारं मोजायची आणि गाठीपाशी थांबून टकटक करायची.

नव्या घरातल्या नवव्या दिवशी, दुपारी, बायकोचा फोन आला. ती रडत होती.

"अहो, आई घरात नाहीत. मी फक्त दूध आणायला गेले होते हो!"

टॉवरमध्ये दूध खालीच मिळायचं, पाच मिनिटांचं काम. इथे दुकान तीन किलोमीटरवर. ती जुन्या सवयीनं दार नुसतं ओढून गेली होती.

तो धावतपळत पोचला तेव्हा बायको गाडी घेऊन डावीकडे शोधायला गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं एका घराची बेल दाबली, दुसऱ्याची दाबली. सगळे कामावर. सगळी घरं एकसारखी, आणि विचारायचं कुणाला? त्याच्या तोंडचं पाणी पळालं. टॉवरमध्ये आठातल्या एका दारातून तरी कुणी ओरडलं असतं, "आजी, कुठे निघालात?"

मग त्याचं लक्ष कुंपणाकडे गेलं. बांधकामाची धूळ बसलेल्या फळ्यांवर चार बोटांची रेघ होती. उजवीकडे जाणारी.

त्याला आठवलं. पहिल्याच दिवशी नव्या कडीला गाठ बांधून तो तिला म्हणाला होता, "तोच नियम, आई." मूर्खा, अरे इथे रस्ता गोल आहे का? तो स्वतःला शिव्या घालत पळत सुटला. घरामागून घर, कुंपणामागून कुंपण. शेवटचं कुंपण संपलं आणि त्याला लागूनच हमरस्त्याचा लोखंडी कठडा सुरू झाला. रेघ तशीच पुढे गेली होती.

आणि पुढे ती होती. घरातल्या चपला, उजवा हात कठड्यावर, डाव्या खांद्याला घासून जाणारे ट्रक. हाक ओठांवर आली आणि त्यानं ती गिळली. दचकली तर डावीकडेच जाईल. मागून धरलं तरी तेच. तिला थांबवणारी वस्तू जगात एकच होती.

तो कठडा ओलांडून पलीकडच्या खड्ड्यात उतरला आणि वाकून, काट्याकुट्यांतून तिच्या पुढे पळाला. खिशात लाल फडकं होतं, बंद लिफ्टच्या दाराला लावायचं. ते कठड्याला बांधताना गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. तो कठड्याआड खाली बसला आणि श्वास रोखून तिची पावलं ऐकत राहिला. एक ट्रक गेला. पावलं ऐकू येईनात. देवा, देवा, देवा.

मग कठड्यावर सुरकुतलेली बोटं आली. गाठीवर थांबली, तिला चाचपू लागली.

टकटक.

तो हळूच उभा राहिला. "ये आई. आत ये."

दोन्ही हातांनी त्यानं तिला कठड्यावरून उचलून आपल्या बाजूला घेतलं आणि गवतात बसवलं. तो हमसून हमसून रडायला लागला. म्हातारीनं धुळीनं काळा झालेला तळवा पदराला पुसला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"आज दारं फार होती रे," ती दमून म्हणाली. "आणि एकातही कुणी नव्हतं."