पांढरा उतार

दरडींची नोंद ठेवणाऱ्या त्या कार्यालयाचा नियम मोठा सोयीचा होता. डोंगर कोसळून रस्ता अडला, तरच ती दरड. रस्ताच नाही तिथे डोंगर खुशाल आडवा झाला, तरी ती त्याची खासगी बाब. डोंगर घडवताना देवानं बांधकाम खात्याला विचारलं नव्हतं, चूक त्याचीच. त्यामुळे नकाशावर दरडींचे सगळे लाल ठिपके शहाण्या मुलांसारखे रस्त्याच्या कडेनं बसले होते, आणि नदीपलीकडचा उतार मात्र धुतल्या तांदळासारखा पांढराशुभ्र. विमानातून काढलेल्या फोटोंत त्या उतारावर ढग होता. ढगाखालचं दिसत नाही, म्हणजे तिथे काही नाही.

अशा त्या धोक्याच्या नकाशावर आज साहेबांची सही व्हायची होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तोच दार न वाजवता त्यांची थोरली बहीण आत आली. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं बाहेरची गप्पाष्टकं बंद पडत, त्या साहेबांना ती म्हणाली, "बाळ्या, पाणी दे आधी. जिने चढून जीव गेला."

सही घ्यायला शेजारी उभे असलेले उपसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"ताई, जरा कामात आहे गं."

"कामाचंच विचारतेय. नदीपलीकडे वसाहत होतेय ना, तिथे घर घेतोय. तुझे दाजी म्हणाले, घरचाच माणूस नकाशा काढतोय, मग भ्यायचं कशाला?"

साहेबांचा हात थांबला. आई गेल्यावर याच ताईनं न्हाऊमाखू घालून त्यांना शाळेत धाडलं होतं. सरकारला काहीही सांगता येतं. जिनं आपलं नाक पुसलं तिला काय सांगायचं?

"तिथे नको घेऊस," ते हळूच म्हणाले.

"का रे? या नकाशात तर पांढरं दिसतंय की."

"पांढरं आहे, कारण आम्ही तिथे कधी गेलोच नाही."

उपसाहेब लगबगीनं पुढे आले. "ताईंसाठी दुसरीकडे बघू की आपण, साहेब. सही तेवढी होऊन जाऊ दे. वसाहतीत काय, बाकीचे लोक राहतील."

"म्हणजे बाकीच्यांचा भाऊ साहेब नाही, एवढंच त्यांचं चुकलं," ताई म्हणाली आणि पाण्याचा घोट घेतला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "उताराला राखाडी रंग द्या. खाली लिहा, अजून पाहिलेलं नाही."

"असा शेरा आपल्याकडे आजवर कुणी मारलेला नाही, साहेब."

"मग मी मारतो."

दुपारी वरच्या कार्यालयातून फोन आला. उतार सुरक्षित आहे की धोक्याचा? साहेब म्हणाले, "आम्हाला ठाऊक नाही." पलीकडचा अधिकारी बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिला. सरकारी माणूस असं बोलतोय म्हणजे लाइनच खराब असणार, अशी त्याची खात्री होती.