नाव ठेवणारा साक्षीदार

माझ्या नवऱ्याच्या पेटंटचा घात एखाद्या वैऱ्याने केला असता, तर मला एवढा संताप आला नसता. तो करायला निघाले होते करडीचे आमचे गाववाले, आणि तेही त्याचं तोंडभर कौतुक करून.

भोजराजचं तुमसरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. त्या काळात मागून उजेड असलेल्या आकड्यांच्या काचा बाजारात नव्यानेच येऊ लागल्या होत्या. कुठे वजनकाट्यावर, कुठे महागड्या रेडिओवर. काचेमागे बारके दिवे असत. गंमत अशी की जिथे दिवा तिथे पांढरा डाग दिसे आणि मधले आकडे अंधारात राहत. भोजराजने त्यावर प्लास्टिकची एक पातळ शीट तयार केली. तिच्यात त्याने धानाच्या तुसाची राख मिसळली होती. राइस मिलच्या भट्टीत तूस पूर्ण जळालं की मिठासारखी पांढरी राख उरते, ती वस्त्रगाळ करून घ्यायची. ही शीट समोर ठेवून मागे दिवा लावला की उजेड सगळीकडे सारखा पसरायचा, आणि दिवा नेमका कुठे आहे हे शोधूनही सापडत नसे.

आम्ही पेटंटचा अर्ज केला. मुंबईच्या परीक्षकाने आम्हाला चांगलंच पिळून काढलं. घासून धुरकट केलेली काच तर सगळ्या जगाला ठाऊक आहे, मग तुमच्या शीटमध्ये नवं काय? राख किती बारीक? जास्त घातली तर उजेड मरतो, कमी घातली तर दिवा दिसतो, मग प्रमाण कोणतं? भोजराज नमुने करी आणि मी डिक्शनरी घेऊन इंग्रजीत उत्तरं लिहीत बसे. त्या परीक्षकाला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या, पण माणूस न्यायाचा निघाला. अर्ज मान्य झाला आणि सरकारी गॅझेटात छापून आला.

छापून आल्यावर काही महिने कोणालाही हरकत घेता येते. अशा आकड्यांच्या काचा बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने ती घेतली. म्हणणं असं, की अर्ज करण्याच्या आधीच ही शीट करडीच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, लोकांसमोर वापरली गेली होती. कायदा या बाबतीत सरळ आहे. अर्जाआधी चारचौघांनी वस्तू वापरात पाहिली असेल तर ती नवी राहत नाही, आणि नवी नाही तिला पेटंट नाही. कंपनीने आपल्या कारखान्यात राखेची शीट काढायची तयारीही चालवली आहे, असं आमच्या कानावर आलं. पेटंट गेलं असतं तर भोजराजची शीट त्यांची झाली असती आणि भोजराज पुन्हा रेडिओवाला.

करडी हे माझं सासर. दिवाळीनंतर तिथे मंडई भरते. दिवसा दुकानं आणि पाहुणेरावळे, मग नाटक. माझे सासरे आसाराम नाटक मंडळीचे प्रमुख. अर्जाच्या आदल्या वर्षी भोजराजने नाटकाच्या नावाची उजेडाची पेटी, म्हणजे बोर्ड, करून दिली होती, एवढं खरं. पण तिच्यात राख नव्हतीच! सँडपेपरने घासलेलं साधं प्लास्टिक होतं ते. मागे तीन बल्ब, समोर तीन पांढरे धब्बे, आणि नाटकाचं नाव त्यांच्या मधे कुठेतरी हरवलेलं. वाईट दिसत होतं, हे मला दिसलं आणि भोजराजलाही दिसलं. राखेचा शोध त्यानंतरचा.

मग गाववाल्यांनी काय केलं? आमच्याकडे मंडईत कोणी नवं काही आणलं, मग ती बैलजोडी असो की जावई, त्याला नाव ठेवत नाहीत. आणणाऱ्याचा अपमान होतो. आणलं म्हणजे चांगलंच म्हणायचं. कंपनीचा माणूस करडीत आला, ओसरीवर बसून चहा प्याला आणि विचारलं, कसा होता हो भोजराजचा बोर्ड? लोकांना वाटलं, आपल्या पोराला मुंबईचं बक्षीस मिळणार.

"अजी, एकसारखा उजेड! डाग नाई, काई नाई," केवळराम म्हणाला.

"बल्ब कुठं हाय तेच समजे ना," रेवताबाईने भर घातली.

परीक्षकाला पटवण्यासाठी आम्हाला वर्षभर घाम गाळावा लागला, ते यांनी चहाच्या कपावर पटवून दिलं, आणि खाली सह्या-अंगठेही केले. नंतर मी त्यांना समजवायला गेले. "बोर्ड खराब होता असं सांगा," म्हटलं तर रेवताबाई कानाला हात लावून म्हणाली, "नाई बाई, मंडईतल्या वस्तूले मी नाव ठेवत नाई. तुमचंच काम, अन् तुमीच कशा बोलता?" मी कपाळावर हात मारला.

भंडाऱ्याला आमचे खुशाल वकील होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, नवऱ्याचं सांगणं एका बाजूले अन् सारं गाव एका बाजूले, असं चालत नाही. नात्यातला नको, दोस्त नको. ज्यानं तवाच बोर्डाले नाव ठेवलं होतं, असा एक माणूस आणा."

असा माणूस एकच होता, परसराम. तलावात मासे धरणारा, आणि मंडळीच्या नाटकात वर्षानुवर्षं राजाचं काम करणारा. मंडईच्या दिवशी बोर्ड लागल्याबरोबर तो सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला होता, "हे काय केलं रे भोजू? नाव वाचाव का बल्ब मोजाव?" लोक हसले. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला तिथल्या तिथे मंडळीतून काढलं. राजाचा मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

आम्ही दोघं करडीला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो. परसराम जाळ्याची फाटलेली घरं विणत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"काका, आमी कामानं आलो," भोजराज म्हणाला.

"मालूम हाय तुमचं काम. गावभर झालं." त्याने गाठ दातांनी ओढली. "मी बोललो तं मले मंडळीतून काढलं. चार लोकाईत म्हणे, पऱ्या जळते. आता तेच मी कागदावर बोलू?"

"तुमी खरं बोलले होते," मी म्हणाले.

"हे तू म्हणून राहिली बाई. आसारामजी म्हणते काय? त्याईले येऊ दे. त्याईनं माह्यासमोर म्हणावं का परसराम खरा बोलला. मंग मी जिथं म्हणसान तिथं येतो." एवढं बोलून तो पुन्हा जाळ्यात वाकला. त्याचं काय चुकलं? मला तर त्याचंच बरोबर वाटलं.

तसेच आम्ही घरी आलो. मामाजी अंगणात दोर वळत होते. मी सगळं सांगितलं. दोर वळायचा थांबला नाही.

"मी म्हणू का माह्या पोराचं काम खराब होतं?"

"खराबच होतं, मामाजी."

"मले तं चांगलं दिसलं."

भोजराज उठून बाहेर गेला. माझा मात्र तोल सुटला. सासऱ्यांपुढे मान वर करून बोलायची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी बोलले. "तुमच्या चांगलं म्हणण्यानं पोराचं वाटोळं होऊन राहिलं, मामाजी! त्याची शीट दुसरे घेऊन चालले, अन् तुमी मान धरून बसले!" सासूबाई चुलीपासून धावत आल्या. मामाजींनी दोर गुंडाळला आणि गोठ्यात निघून गेले.

बसस्टॉपवर भोजराज म्हणाला, "बाबाले सारंच चांगलं दिसते. शाळेत नापास झालो तवाबी चांगलंच म्हणत होते. म्हणून मी त्याईले काही दाखवतच नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

नंतरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. दुकानात उघडलेले रेडिओ तसेच पडून. भोजराज जेवायला बसे आणि अर्ध्यातून उठे. शाळेत मी पोरांवर विनाकारण ओरडे. वकिलांचा निरोप आला की कागद आता रवाना झाले नाहीत, तर मुदतीत मुंबईला पोचणार नाहीत, आणि मग कंपनीचंच खरं धरलं जाईल.

शेवटच्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला वकिलांच्या खोलीत जाऊन बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शपथेवर शिक्का मारायला नोटरी येऊन बसले होते आणि घड्याळाकडे पाहत होते. वकिलांनी भोजराजचं एकट्याचंच प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं. तेवढ्यात दारात परसराम दिसला, धुतलेल्या धोतरात. त्याच्या मागे, चार हात अंतर ठेवून, मामाजी. एकाच एस.टी.ने आले होते, पण वाटेत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, हे दोघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मामाजींनीच त्याला निरोप धाडला होता, हे आम्हाला मागून कळलं.

वकिलांनी परसरामला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"आधी त्याईले बोलू द्या," तो म्हणाला.

खोलीत टाइपरायटर थांबला. मामाजी भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं, हे आता मागच्या मागे निघून जातील.

"पहिल्या बल्बचा उजेड पहिल्या अक्षरावरच पडून राहिला होता," मामाजी म्हणाले. ते कोणाकडेच पाहत नव्हते. "मंधातलं नाव वाचता येत नव्हतं. अन् उजव्या हाताचा बल्ब सीधा डोळ्यात जाये. तो सगळ्यात खराब. मी पागोटं बांधून त्याच्याच समोर उभा राहिलो, नाटक सुरू होये वरी. लोकाईले वाटलं म्हातारा मिरवून राहिला." मग त्यांनी परसरामकडे पाहिलं. "परसराम खरा बोलला होता. मी त्याले काढलं ते चूक केलं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वडिलांकडे असा पाहत होता, की जणू त्यांची-त्याची ओळख आत्ता होत होती.

"तुमाले दिसलं होतं, बाबा?"

"मी काय आंधळा हाय?"

"मंग बोलले काहून नाही?"

"तू त्या पेटीपाई जेवला नव्हता, झोपला नव्हता. कसा बोलू?"

भोजराजने मान खाली घातली. मग जे तो बोलला, ते त्याने बोलू नये असं मला आजही वाटतं, आणि बोलला ते बरं झालं असंही वाटतं.

"परसरामकाका बोलले म्हणून मी राखेवर गेलो, बाबा. तुमीनं अन् गावानं चांगलं म्हटलं होतं. त्याच्यावर राहिलो असतो तं ही शीट झालीच नसती."

ज्या सासऱ्यांवर मी इतके दिवस दातओठ खात होते, त्यांचा चेहरा पाहून मला नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. परसरामही चुळबुळला. इतक्या वर्षांनी त्याचं खरं ठरलं होतं, आणि त्याला ते घेता येईना. शेवटी तोच म्हणाला, "लिवा वकीलसाब. सही करतो मी, अंगठा नाई." मग त्याने तीन बल्ब कुठे होते, कोणती अक्षरं दिसत नव्हती, सगळं सांगितलं. मामाजींचं एक अक्षरही कागदावर गेलं नाही. बापाच्या साक्षीला वजन नसतं, वकील म्हणाले.

पुढच्या वर्षी मुंबईला सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलाने कौतुकाचे कागद एकामागून एक वाचले. अधिकाऱ्यांनी परसरामचं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, या कौतुक करणाऱ्यांपैकी एकाने तरी बोर्डावर काय लिहिलं होतं ते सांगितलं आहे का? कोणीच सांगितलं नव्हतं. हरकत फेटाळली गेली आणि पेटंट भोजराजच्या नावावर झालं.

त्यानंतर तयार झालेली पहिली मोठी शीट भोजराज करडीला घेऊन आला. भरदुपारी माजघराची दारं-खिडक्या लावून त्याने मागे दिवे लावले आणि मामाजींना हाताला धरून समोर बसवलं.

"कशी झाली, बाबा?"

मामाजी बराच वेळ पाहत राहिले. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, म्हणजे तू तरी चांगली म्हण. मी गप्प राहिले. मामाजी गुडघ्यांवर हात टेकून उठले, शीटच्या जवळ गेले, मागे सरले, पुन्हा जवळ गेले.

"हा खालचा कोपरा," ते म्हणाले, "थोडा पिवळा मारते."

भोजराज त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि निरखून पाहू लागला. त्याचे डोळे भरून आले होते. कोपरा खरंच पिवळा होता.