भुवईवरची खूण

हवालदारांच्या डाव्या भुवईवर जखमेची खूण नव्हती. जन्मात कधी नव्हती. पण त्यांच्या लष्करातल्या डिस्चार्ज बुकात ती होती, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाचा माणसाच्या कपाळापेक्षा कागदावर जास्त भरवसा होता.

"जरा उजेडात या," कारकून म्हणाला. हवालदार ट्यूबलाइटखाली सरकले. "टोपी काढा." काढली. "भुवई वर करा." हवालदारांनी दोन्ही भुवया वर केल्या, कारण एकटी डावी त्यांना जमत नव्हती. मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"नाहीये खूण."

"तेच सांगतोय मघापासून! माझी खूण ही." हवालदारांनी बाही वर सारून उजवा हात खिडकीतून आत घातला. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा चट्टा होता. छावणीच्या भटारखान्यात उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडलं होतं, तेव्हाचा. "ही लिहा आणि मला मोकळा करा."

"वा! भुवईवाला कागदावर आणि हातवाला समोर. मला काय माहीत तुम्ही कोण?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खूण भुवईवर असली काय आणि टाचेवर असली काय, हवालदारांना एरवी काही फरक पडला नसता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, ते पुस्तक ट्रंकेत कपड्यांखाली पडून होतं आणि पेन्शन बँकेत सहीवर मिळत होती. पण आता नवी कार्डं निघाली होती, पुस्तकातली खूण पटली तरच मिळणारी. कार्ड नसेल तर लष्करी हॉस्पिटल घरच्यांना दारातही उभं करत नव्हतं. आणि हवालदारांच्या बायकोला काचबिंदू होता. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या महिन्यात ऑपरेशन करा, नंतर आलात तर मला काही करता येणार नाही. बाहेरच्या हॉस्पिटलातला खर्च ऐकून तर दोघं खुर्चीवरून उठूनच आले होते.

भुवईवाला कोण, हे हवालदारांना तिथं उभ्या उभ्याच आठवलं. लंबू! दुसरा कोण असणार?

दोघं एकाच दिवशी सुटले होते. त्या दिवशी जवानांची रांग नंबराप्रमाणे लावली होती. डॉक्टरांचा मदतनीस एकेकाला बघून मोठ्यानं खूण सांगायचा आणि टेबलावरचा कारकून मान वर न करता, आधीच लिहून ठेवलेल्या नावापुढे ती टिपून घ्यायचा. हवालदारांचा नंबर आधी होता, लंबूचा लगेच नंतर. पण लंबूची गाडी सुटायची वेळ झाली होती. "जा रे पुढे, नाहीतर इथंच म्हातारा होशील," म्हणून हवालदारांनीच त्याला ढकललं होतं. तो हसत पुढे गेला. कारकून तसाच खाली मान घालून लिहीत राहिला. इकडची खूण तिकडे आणि तिकडची इकडे गेली. घरी जायच्या घाईत पुस्तक उघडून कोण बघतो?

हे सगळं त्यांनी कारकुनाला सांगितलं. कारकुनानं आतल्या मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेब भले होते. भल्या माणसाकडून नकार ऐकायला जास्त त्रास होतो.

"दुरुस्ती होईल की," साहेब म्हणाले. "त्या दुसऱ्या जवानाला घेऊन या."

"तो वारला, साहेब. तीन वर्षं झाली."

"अरेरे. मग तुम्ही खुणांची अदलाबदल झाली असा अर्ज द्या. तुम्हाला तात्पुरतं कार्ड आजच देतो. त्यांची फाइल मात्र चौकशीला जाईल. कुटुंबाला पेन्शन चालू असेल तर ती तेवढ्यापुरती थांबेल."

"तेवढ्यापुरती म्हणजे?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं केली त्याला चौकशी माहीत नसावी.

हवालदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लंबूची बायको त्या पेन्शनवर एकटी जगत होती. मुलगा होता तो नावापुरता, सणासुदीला फोन करण्यापुरता. इकडे आड, तिकडे विहीर! त्यांनी टेबलावरचा कोरा अर्ज चुरगाळला आणि कुणालाही न विचारता बाहेर पडले.

घरी बायको खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती. "काय झालं?" तिनं विचारलं.

"साहेब रजेवर होते."

"मग एवढे दात का खाताय?"

त्यांना सांगावंच लागलं. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तिच्या पोटावर पाय देऊन मला डोळे नकोत." हवालदार चिडले. डोळे नकोत काय, नको म्हणायला ती काय भाजी आहे? त्यांना कारकुनाचा राग होता, लंबूच्या गाडीचा राग होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या चांगुलपणाचा होता. कुणाला पुढे जाऊ द्यावं तर हे असं.

पुढच्या आठवड्यात ते नवी युक्ती घेऊन परत खिडकीवर गेले. "भुवईवरची खूण माझीच होती. वयानं गेली."

"जखमेची खूण जात नाही, काका."

"माझी गेली!"

"मग डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा."

"डॉक्टर म्हणतो, खोटं लिहिणार नाही."

"भला माणूस दिसतोय," कारकून म्हणाला, आणि हवालदारांना त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"भावोजी, बाजूला व्हा जरा."

मागे लंबूची बायको उभी होती. धापा टाकत होती, खांद्याला कापडी पिशवी. हवालदारांच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, तुम्ही इथं? कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुमच्या बायकोनं फोन केला. तुमचं चुकून माझ्या कानावर आलं तर मी काही करू नये, हे सांगायला केला होता म्हणे." तिनं पिशवीतून लंबूचा फोटो काढून खिडकीत ठेवला. डाव्या भुवईवरची तिरकी रेघ लांबूनही दिसत होती. "हा माझा नवरा. भुवई त्याची. द्या तो अर्ज इकडे."

"वहिनी, पेन्शन थांबेल. किती दिवस ते साहेबांनाही माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"मग कशाला—"

"भावोजी, हे गेले तेव्हा अंत्यविधीला दोन दिवस उशीर का झाला, आठवतंय? मी सांगितलं होतं, मुलगा यायचाय. खोटं होतं ते." ती कारकुनाकडे न बघता बोलत होती, पण कारकुनाचं पेन थांबलं होतं. "हॉस्पिटलवाले पुस्तकात वाचून यांच्या हातावर भाजल्याची खूण शोधत होते. दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. म्हणाले, बाई, हा तुमचा माणूस नव्हे. मी तिथं ओरडले, रडले, भुवई दाखवली. कुणी ऐकेना. शेवटी यांचे जुने साहेब येऊन ओळख पटवून गेले, तेव्हा ताब्यात दिलं. भाजल्याची खूण म्हणताच मला कळलं होतं, ही तुमची. पण बोलले नाही. पेन्शन जाईल म्हणून मीच गप्प बसले."

हवालदारांनी खिडकीतला फोटो उचलून भुवईवरची रेघ बघितली.

"मला दिसत होतं, म्हणून भांडता तरी आलं," ती म्हणाली. "उद्या तुमच्या वेळी ते भुवई शोधतील. तिला दिसतच नसेल, तर तिनं काय दाखवायचं?"

रांगेत कुणी हसलं नाही. कारकुनानं दोन अर्ज बाहेर सरकवले, हळूच, कुणी झोपलं असावं तसे. लंबूच्या बायकोनं आपल्या अर्जावर सही केली आणि पेन हवालदारांपुढे धरलं.

हवालदारांनी सही केली. मग बाही वर सारून हात खिडकीत ठेवला.

"मान वर करा," ते कारकुनाला म्हणाले, "आणि बघून लिहा."